‘बॉल पायथन म्हणजे आळशी साप’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

पाळीव प्राण्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर पुन्हापुन्हा पुढे ढकलला जातोय. त्याचा सारांश असा: “बॉल पायथन हा सगळ्यात आळशी साप. सगळ्यांचा स्वभाव सारखाच. झाकणाच्या डब्यात ठेवा, पंधरा दिवसांनी उंदीर द्या, बाकी काही बघावं लागत नाही. हिंडायला लागला तर आजारी समजा. स्वभाव रंगावरून कळतो. कोकणात हीटर लागत नाही. गळ्यात घातला तरी गप्प राहतो. नको झाला तर रानात सोडा.”

मजकूर सोपा आहे, म्हणून लोकांना पटतो. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यापायी कुठला तरी साप हाल सोसतो, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देत आहोत.

“सगळ्यात आळशी, सगळे सारखेच”

हा साप म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ माळांवरचा आणि शेतांच्या कडेचा. दिवस उंदरांच्या बिळात किंवा वारुळात काढतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. सकाळी अकरा वाजता काचेत डोकावून तो वेटोळं घालून पडलेला दिसला, तर तो आपल्या वेळापत्रकाप्रमाणे झोपलेला असतो. त्यावरून स्वभाव ठरवता येत नाही.

स्वभाव बघायचा तर रात्र बघावी लागते. इन्फ्रारेडवर चालणारा साधा घरगुती कॅमेरा पेटीसमोर लावा, खोलीतला पांढरा दिवा बंद ठेवा आणि संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंतचं चित्रण दोन आठवडे साठवा. वहीत रोज चार गोष्टी लिहा: डोकं किती वाजता बाहेर आलं, पूर्ण अंग बाहेर आलं का, फांदीवर चढला का, परत लपायच्या जागेत कधी गेला. सोबत खाल्ल्याची तारीख आणि दोन्ही टोकांचं तापमान. खाल्ल्यावर तीन-चार दिवस साप उबेला पडून राहतो आणि कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले की बाहेर येत नाही, त्यामुळे त्या रात्री हिशेबात धरू नका. खाल्ल्यानंतरच्या पाचव्या ते दहाव्या रात्रीच एकमेकींशी ताडून बघा.

असं बघितलं की फरक डोळ्यांत भरतात. एखादा दिवा मालवल्यावर अर्ध्या तासात निघतो, पेटीच्या चारही कडा हुंगत दोन फेऱ्या मारतो, फांदीवर चढून तासभर तिथेच राहतो. दुसरा फक्त डोकं आणि तीन-चार बोटं मान बाहेर काढून बसतो, जीभ अधूनमधून लपलपते, बाकी काही हलत नाही. हा दुसरा साप आळशी नाही. दबा धरून शिकार करणारा प्राणी शिकार करतो तो असाच, आणि त्या वेळी तो पूर्ण जागा असतो. तिसरा मध्यरात्रीनंतरच येतो आणि जराशी चाहूल लागली की मागे फिरतो. मुख्य म्हणजे तोच साप पुढच्या महिन्यातही बहुधा तसाच वागतो. २०२० साली कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या संशोधकांनी गार्टर सापांच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: कुठलं पिल्लू धीट आणि कुठलं बुजरं, हा फरक पुन्हापुन्हा तपासूनही टिकून राहिला. जात वेगळी आहे, पण सापाला सापागणिक स्वभाव नसतो असं म्हणायला आता जागा उरलेली नाही.

“झाकणाच्या डब्यात ठेवा”

डब्यात कुठलाच साप हिंडत नाही, कारण हिंडायला जागाच नसते. मग त्यालाच आळशी म्हणायचं, हा उलटा न्याय झाला. पूर्ण वाढलेला नर साधारण तीन ते साडेतीन फूट, मादी चार ते पाच फूट. पेटीची लांबी निदान सापाइतकी हवी. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही मोठ्या सापासाठी बरी सुरुवात, पाच फुटी मादीला याहून लांब हवी.

मात्र नुसती मोठी मोकळी पेटी बुजऱ्या सापाला डब्यापेक्षा वाईट. तो उघड्यावर पडतो, घाबरतो आणि खाणं सोडतो. मग “मोठी पेटी मानवत नाही” असा दुसरा गैरसमज तयार होतो. मोकळी जागा भरा. उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा हवी, दोन्ही सारख्या, आणि इतक्या अडचणीच्या की वेटोळं घातल्यावर अंग तिन्ही बाजूंना टेकलं पाहिजे. पिल्लाला नारळाची अर्धी करवंटी कडेला खाच पाडून चालते. मोठ्याला मातीची कुंडी आडवी पुरून द्या, तोंडाची कड कानशीने घासून. मध्ये प्लास्टिकची पानं, सालीचे तुकडे. फांदी पेरूची घ्या: घासून धुवायची, चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायची आणि दोन्ही टोकांना हलणार नाही अशी बसवायची. काजूची फांदी वापरू नका, तिचा चीक त्वचेला भाजतो.

“हा साप चढतच नाही” हेही याच मजकुराच्या जोडीने ऐकू येतं. आग्नेय नायजेरियातल्या वर्षावनात संशोधक लुका लुइसेली आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर झाडांवर जास्त आढळले आणि त्यांच्या खाण्यात पक्ष्यांचं प्रमाण मोठं होतं. माद्या जमिनीवर राहून उंदीरवर्गातले प्राणी खात होत्या. घरातही काही साप फांदी रोज वापरतात, काही वर्षभर तिच्याकडे फिरकत नाहीत. फांदी तिथे असली तरच हे कळतं.

“हिंडायला लागला तर आजारी”

या वाक्यात सत्याचा थोडासा अंश आहे, म्हणून ते जास्त घातक. हिंडण्याचे दोन प्रकार ओळखायला शिका. कुतूहलाने हिंडणारा साप सावकाश जातो, थांबतो, जीभ लांब बाहेर काढून वर-खाली हलवतो, वाट बदलतो आणि पहाटे आपणहून आत जातो. त्रासलेला साप एकाच कोपऱ्यात नाक घासत राहतो, थांबत नाही आणि दिवसाढवळ्याही बाहेर असतो. नाकाच्या टोकाची साल निघाली असेल तर बरेच दिवस हे चाललंय असं समजा.

त्रासाचं कारण शोधताना आधी थर्मामीटर बघा. मेमध्ये पत्र्याखालची खोली सहज ३६ अंशांपर्यंत जाते. तेवढ्या उकाड्यात साप थंड जागा शोधत सैरभैर होतो. तापमान ठीक असेल तर पाण्याचं भांडं बघा: साप तासन्‌तास पाण्यात बसतोय आणि तळाशी खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके आहेत, म्हणजे गोचिडवर्गातले माइट्स. तेही नसेल तर भूक. हिवाळ्याच्या सुमारास मोठे झालेले नर मादीच्या शोधात रात्रभर फिरतात आणि कित्येक आठवडे खातही नाहीत. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त आठवड्याला वजन करा. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर मात्र पशुवैद्य. मान वर करून तोंड उघडं ठेवणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे, यांपैकी एकही दिसलं तर त्याच दिवशी.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि ती कोणी सांगत नाही. रोज आठ वाजता बाहेर येणारा धीट साप, कात जवळ नसताना, दोन आठवडे बाहेरच आला नाही तर तोही तपासण्यासारखा. वही नसेल तर हा बदल लक्षातच येत नाही, कारण “हे साप आळशीच असतात”.

“कोकणात हीटर लागत नाही”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. या सापाला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७ आणि रात्री कुठेही २४च्या खाली नाही, असं हवं. रत्नागिरी-मालवणला जानेवारीच्या पहाटे पारा वीसच्या आसपास किंवा खाली येतो, दापोलीत त्याहून बराच खाली. जांभ्याच्या भिंती आणि फरशी रात्री आणखी गार. पावसाळ्यात बाहेर २६-२७ अंश असले तरी ते सापाचं थंड टोक झालं. उबदार टोक त्याला कुठेच मिळत नाही.

गारठलेला साप हातात अगदी शांत राहतो. स्नायू चालत नाहीत म्हणून तो शांत असतो, आणि त्यालाच लोक गरीब स्वभावाचा म्हणतात. पोटातला उंदीर पचत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी उलटून पडतो. उलटीनंतर निदान दोन आठवडे काही देऊ नका आणि पुढचं खाणं नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्या.

हीटिंग मॅट पेटीच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली लावा. थर्मोस्टॅटचा, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचा, प्रोब मॅट आणि काच यांच्या मध्ये चिकटवा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट चालवली तर पोट भाजतं, आणि साप भाजत असतानाही उठून जाईलच याचा भरवसा नाही. मॅटने हवा तापत नाही, म्हणून थंडीत वरून जाळीआडचा सिरॅमिक हीटर लागतो, त्यालाही स्वतंत्र थर्मोस्टॅट. खाऱ्या दमट हवेत प्लगच्या पिना आणि जोड गंजतात. महिन्यातून एकदा उघडून पुसा आणि सापाच्या अंगाखालचं तापमान इन्फ्रारेड गनने पडताळा.

वीज गेली तर? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. जूनमध्ये मोठा साप तेवढ्यावर निभावतो, फक्त ऊब परत येईपर्यंत खायला घालायचं नाही. जानेवारीत मात्र थर्माकोलच्या खोक्यात कापडी पिशवीत घातलेला साप आणि बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, दर तीन तासांनी बदलून. खोक्याला हवेसाठी भोकं हवीत.

ओलाव्याचं गणितही इथे वेगळं. हवेतली आर्द्रता ६० ते ८० टक्के हवी. पावसाळ्यात ती नव्वदीच्या वर जाते, पण खरा शत्रू ओली जमीन. काथ्याचा भुसा अंथरला असेल तर मूठभर दाबून बघा: गोळा व्हावा, पाणी टपकू नये. टपकलं तर बदला. पोटाच्या खवल्यांवर लालसर फोड दिसले तर भुसा काढून कोरडा कागद अंथरा आणि डॉक्टरांना दाखवा.

“स्वभाव रंगावरून कळतो”

रंगाच्या जातींना बाजारात मॉर्फ म्हणतात. त्यांतली जनुकं रंगद्रव्य आणि नक्षी बदलतात. अमुक रंग शांत आणि तमुक चिडका हा विकणाऱ्यांचा प्रचार. एका मॉर्फबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ‘स्पायडर’ मॉर्फचा साप मान पिळवटतो, डोकं डोलवतो, त्याची झडप चुकते. रीलमध्ये त्याला “नाचरा, खेळकर” म्हणतात. तो खेळ नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीटी स्कॅनवर या सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या अवयवाची, रचनाच बिघडलेली दिसली. हा दोष आनुवंशिक आहे. असा साप आधीच घरी असेल तर फांद्या खाली घ्या आणि खाणं चिमट्याने तोंडाजवळ धरा. नवा विकत घेऊ नका, त्यांची पैदासही करू नका.

“गळ्यात घातला तरी गप्प”

डोकं आत घेऊन गोळा झालेला साप घाबरलेला असतो. धीट साप दहा-पंधरा मिनिटं हातावरून फिरतो, बुजऱ्याला आठवड्यातून एकदा पाच मिनिटंही पुष्कळ. खाल्ल्यावर ४८ तास आणि डोळे निळे असताना कोणालाच हात लावू नये. उचलताना वरून झडप घालू नका, बाजूने मध्यभागी हात सरकवा. मान इंग्रजी एसच्या आकारात मागे घेऊन फुसकारला तर थांबा. लहान पिल्लं जास्त फुसकारतात, वाढत्या वयात बऱ्याच जणांची ही सवय कमी होते.

“नको झाला तर रानात सोडा”

कधीही नको. हा इथला साप नाही, आणि त्याच्या अंगावरचे माइट्स आणि पोटातले जंत आपल्या रानातल्या अजगरांपर्यंत पोचू शकतात. वाडीत तो दिसला की लोक घोणस समजून ठेचतील. उलटं संकट तर त्याहून मोठं: मुलांना “असे ठिपक्यांचे जाड साप गरीब असतात” हे शिकवलं तर उद्या ती काजूच्या बागेत घोणशीला हात घालतील.

वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथन चौथ्या अनुसूचीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. दुसऱ्याला देतानाही ती नोंद बदलायला हवी. देशी अजगर, धामण किंवा मांडूळ पाळणं मात्र गुन्हाच. घेणारा कोणी मिळत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा. नव्या पाळणाऱ्याला सापाबरोबर ती वहीही द्या. शेवटचं वजन, शेवटचं खाणं आणि हा साप रात्री किती वाजता बाहेर येतो, हे त्याला पहिल्याच आठवड्यात लागणार आहे.