वरची जळजळ, खालची जळजळ

"ताई, जळजळ नेमकी कुठली? वरची की खालची?"

मेडिकलच्या काउंटरपलीकडून, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत हा प्रश्न आला त्याला तीन दिवस झाले, पण आठवलं की अजून कान गरम होतात. माझ्या जळजळीच्या गोळ्या-औषधं एकत्र घेतली तर चालतील का, एवढंच मी विचारलं होतं, तेही इतक्या हळू की माझं मलाच नीट ऐकू आलं नव्हतं. मामला साधा होता. छातीतली जळजळ माझी जुनीच, तिच्यासाठी एका डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, म्हणजे ऍसिड कमी करणारी गोळी, आणि तिन्ही वेळा खाल्ल्यानंतर ते गुलाबी पातळ अँटासिड दिलेलं. लघवीची जळजळ नवीन, तिच्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक दिली, सकाळ-संध्याकाळ. आधीपासून काय चालू आहे हे दुसऱ्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण तिथे माझं सगळं लक्ष बाथरूम कुठंय याच्याकडे होतं.

"दोन्ही," मी म्हणाले. काय करणार.

"मला वाटलंच," मागून आवाज आला. "केव्हाची बघतेय मी, ही मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. म्हटलं हिला नक्की उन्हाळे लागलेत."

वळून बघते तर एक काकू. आयुष्यात कधी पाहिलेल्या नाहीत, पण चेहरा असा की जणू माझ्या बारशाला हजर होत्या. मी ओळखीचं हसले. ही माझी चूक.

"अगं, एकत्र घे बिनधास्त. आत गेल्यावर सगळं एकच होतं." असं म्हणून त्यांनी पर्समधून गोळ्यांची डबी काढली, ती आठवड्याच्या सात कप्प्यांची असते ना, ती. उघडली तर सोमवारपासून रविवारपर्यंत सगळं सरमिसळ, पांढऱ्या, पिवळ्या, अर्ध्या तुटलेल्या, एक तर गोळी नव्हतीच, शर्टाचं बटण होतं. "ह्या मी सगळ्या एकदम घेते. एक घोट पाणी, खलास. ज्या गोळीला जिथं जायचंय तिथं ती बरोब्बर जाते, त्यांना कळतं."

म्हटलं, काकू, बटण कुठं जातं? पण हे मनात. तोंडाने मी फक्त "हो का" म्हणाले, आणि हो का म्हणणं म्हणजे काकूंना आमंत्रणच.

"मला पोटात जंतू निघाले होते तेव्हा डॉक्टरांनी स्वतः दोन अँटिबायोटिक आणि एक ऍसिडिटीची अशा तीन एकत्र दिल्या होत्या चौदा दिवस. मेले का मी?"

आता पंचाईत अशी की हे काकूंचं खरं होतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू पोटात ठाण मांडून बसला की असाच कोर्स देतात, आणि त्यात ऍसिड कमी करणारी गोळी अँटिबायोटिकला उलट मदत करते, कारण ऍसिड कमी झालं की काही अँटिबायोटिक तिथे जास्त चांगलं काम करतात. हा जंतू जठराला सूज आणतो हे दाखवायला बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ साली तो स्वतःच पिऊन टाकला होता, मुद्दाम, आणि पोट बिघडवूनही घेतलं, पुढे २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. मला एक साधा प्रश्न विचारायचा होता तर माझी शोभा झाली, हा माणूस जंतू पिऊन नोबेल घेऊन गेला. असो.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलाने गुलाबी बाटली उलटी करून मागचं बारीक वाचलं, अल्युमिनियम, मॅग्नेशियम, आणि मान हलवली. "ही दोन बरोबर नाही घ्यायची ताई. हे धातू सिप्रोला धरून ठेवतात, मग ती आतड्यातून रक्तात फारशी जातच नाही, तशीच बाहेर पडते." म्हणजे गोळी मी गिळणार, पैसे मी देणार, आणि गोळी नुसती आतून फेरफटका मारून येणार. जंतू मजेत.

"मग वरून दूध पी," काकू म्हणाल्या. "गार दूध. दोन्ही जळजळी जातात."

"दूधही नको गोळीबरोबर, कॅल्शियम असतं," मुलगा म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने दुधाला आईवरून शिवी दिली.

मी विचारलं, मग घेऊ कशी? तो म्हणाला, "सिप्रो अँटासिडच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तास नंतर." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. वळू कसा शकतो माणूस? हे काय सांगणं झालं, हे तर शाळेतलं गणित झालं, एक टाकी दोन नळांनी भरते तसलं. काकू म्हणाल्या सहा आधी, दोन नंतर. मी म्हटलं नाही हो, दोन आधी. मागचे एक गृहस्थ, जे आत्तापर्यंत मोबाइलमध्ये तोंड घालून ऐकत नसल्याचं दाखवत होते, ते म्हणाले, "गोळी किती वाजता घेता?" आठ आणि आठ. मग त्यांनी बिलाच्या पाठीमागे रेघ मारली, आठवर फुली, वीसवर फुली, आणि रांग थांबवून आमचं तिघांचं गणित सुरू झालं. सकाळी आठची गोळी, म्हणजे दहाच्या आत गुलाबी नाही. रात्री आठची गोळी, म्हणजे दुपारी दोननंतर गुलाबी नाही. "दहा ते दोन!" गृहस्थ इतक्या आनंदाने ओरडले की त्यांना ढेकर आली. दिवसा दहा ते दोन आणि रात्री दहा ते दोन. बँकेच्या वेळा असाव्यात तशा माझ्या पोटाच्या वेळा.

पॅन्टोप्राझोल सकाळची चालेल, तिच्यात धातूबितू नाहीत, असं मुलगा मान वर न करता म्हणाला. आणि वर म्हणे सिप्रोऐवजी सेफ्युरॉक्झिम ही अँटिबायोटिक असती तर पॅन्टोप्राझोलही बंद ठेवायला लागली असती, कारण सेफ्युरॉक्झिम नीट शोषली जायला पोटात ऍसिड लागतं. म्हणजे एका अँटिबायोटिकला ऍसिड हवं, दुसरीला धातू नको, तिसरीला ऍसिड कमी केलेलं आवडतं, आणि हे सगळं मी लक्षात ठेवायचं. मी कोण? मी जळणारी बाई.

खरं सांगू, हसते आहे पण राग आलाय. इतकी महत्त्वाची गोष्ट मला मेडिकलमध्ये कळते, तीही मी लाज सोडून विचारलं म्हणून. न विचारता घेतल्या असत्या तर कोर्स संपवून परत तिथंच गेले असते, आणि डॉक्टर म्हणाले असते, अरेच्चा, फरक नाही? मग अजून जोरदार गोळी. खोक्यातल्या कागदावर सगळं छापलेलं असतं म्हणे. असतं, चौदा घड्या घातलेल्या कागदावर, मुंगीने पाय पुसल्यासारख्या अक्षरात. एक ओळ चिठ्ठीवर लिहायला काय जातं हो? "गुलाबी औषध गोळीपासून लांब." पाचच शब्द... नाही, चारच.

निघताना काकूंनी दंड धरला. "बरी झालीस की सांग हं." कुठं सांगू, नाव नाही, नंबर नाही, पण त्यांची खात्री की मी सांगणारच. आणि पायरी उतरता उतरता मागून, पुन्हा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, "आणि पाणी भरपूर पी गं, खालच्यासाठी!"

पितेय. खालची आता बरीच कमी आहे. वरची म्हणाल तर आत्ता दुपारचे चार वाजलेत, जेवण घशाशी येतंय, गुलाबी बाटली समोर टेबलावर आहे, आणि दहा वाजायला अजून सहा तास आहेत.