डॉट 5 ब्रेक ऑइलचा आकडा मोठा आहे म्हणून ओतायचं का?

भाच्याने सेकंडहँड पोलो जीटी घेतलीये आणि पुढच्या महिन्यात कोइमतूरला कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर पळवायला, चाललाय. जाऊ दे की, मीपण जाऊन आलोय. पण परवा त्याने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलं, "पाच हजारात गाडी ट्रॅकसाठी रेडी", आणि खाली लिहिलं, "मामा, नाशिकला द्वारकाजवळ एकजण दीड हजारात स्प्रिंगा कापून देतोय." तेच फॉरवर्ड मला अजून तीन ग्रुपवर आलंय, म्हणून एकदाच लिहितो.

"स्प्रिंगचा दीड वेढा कापा, गाडी खाली बसते, कॉर्नरला झुकत नाही." बरं, अर्धं खरं आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि गाडी कमी झुकते, मान्य. पण शॉकअप तोच जुना, तो त्या कडक स्प्रिंगला आवरत नाही, आणि चाकाला वर-खाली व्हायला जागाच न उरल्यामुळे भर वळणात गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळते, तिथे ग्रिप एकदम सुटते. शिवाय कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही, चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून हलते. गॅसने कापली असेल तर त्या टोकाचं टेंपरपण, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, गेला. खाली करायचीच असेल तर स्प्रिंग आणि शॉकअपचा जुळणारा सेट घे, नाहीतर आहे तशी ने.

"होल पाडलेल्या ब्रेक डिस्क लावा, थंड राहतात." ट्रॅकच्या तापाने त्या होलांपासूनच चिरा जातात. साध्या डिस्क लाव, विषय संपला.

"मोठे कॅलिपर लावले की गाडी लवकर थांबते." कॅलिपर फक्त डिस्कवर पॅड दाबतो, गाडी थांबवतात टायर. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागेपर्यंत ब्रेक आत्ताही दाबला जातोच ना? मोठ्या ब्रेकचा फायदा उष्णता सोसायला, तेवढाच.

आता ज्याच्यामुळे मी खरंच चिडलोय ते. "डॉट 3, डॉट 4 सोडा, डॉट 5 टाका, आकडा मोठा तेवढं ब्रेक ऑइल भारी." अरे, डॉट 5 ही वरची पायरी नाही, ते वेगळंच रसायन आहे, सिलिकॉनचं! डॉट 3, 4 आणि 5.1 ग्लायकॉलची, त्यांच्यात हे मिसळत नाही. लाइनमध्ये जुनं थोडं तरी उरतंच. सिलिकॉनमध्ये बारीक हवा अडकून राहते, एबीएसच्या पंपात फेस होतो, पेडल स्पंजी लागतं. ते पाणी शोषत नाही हे खरं, पण म्हणूनच आत शिरलेलं पाणी खाली कॅलिपरमध्ये वेगळं साचतं आणि 100 डिग्रीला उकळतं. आणि आत वाफ झाली की पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही.

आणि ताप किती असतो बघ. माणसासकट 1,200 किलोची गाडी 150 वरून 60 वर आणली की ब्रेकमध्ये जेवढी ऊर्जा जाते तेवढ्यात अडीच लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीला येईल. एका ब्रेकिंगला! आणि असं दर लॅपला. कसारा घाटात नुसतं उतरताना लायनरचा वास येतो, इथे तर तू जीव खाऊन दाबणारेस.

अमेरिकेच्या ज्या स्टँडर्डमधून हे डॉटचे आकडे आलेत त्यात किमान उकळबिंदू स्पष्ट दिलेत. डॉट 4 नवीन असताना 230, साधारण पावणेचार टक्के पाणी शोषलं की 155. डॉट 5.1 ला 260 आणि 180. आणि डॉट 5 ला? तेच, 260 आणि 180! म्हणजे ज्या आकड्यासाठी हा सगळा खटाटोप तो 5.1 मध्ये मिळतोच, नाहीतर चांगल्या कंपनीचं रेसिंगचं डॉट 4 घे, त्याचा उकळबिंदू याहून वर असतो. पण फ्रेश, सीलबंद बाटली. सोबत ट्रॅकचे पॅड, घरून जाताना पहिले दोन ब्रेक ते थंड असल्यामुळे कमी धरतात तेवढं लक्षात ठेव.

काल गंगापूर रोडला त्याच्या पार्किंगमध्ये दोघांनी मिळून ब्लीडिंग केलं, म्हणजे जुनं ऑइल काढून नवीन भरलं. तो आत बसून पेडल दाबतोय, मी निप्पलला पाइप लावून बाटली धरलीये. मागच्या उजव्या चाकातून निघालं ते कोऱ्या चहासारखं काळपट, बाहेर येऊन त्याने ते बघितलं आणि विचारलं, "मामा, यावर मी कसारा उतरत होतो?" होय बाळा, यावरच.