आयटीआयनंतर वाट बंद होत नाही

'आयटीआय केलं की जन्मभर हेल्पर' असं एका लेखात वाचलं, ते वाक्य मनाला लागलं. मी फिटर, म्हणजे यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवणारा. दोन वर्षं आयटीआय, मग पुण्याजवळ भोसरीत कारखान्यात अप्रेंटिसशिप. सुरुवातीला नुसती कानस मारत होतो, म्हणजे लोखंड घासत होतो, हाताला फोड आले. पण गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावल्यावर फटीतून उजेड दिसेनासा झाला, तेव्हा उस्तादांनी पाठ थोपटली. खरं शिक्षण तिथंच झालं. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमानंतर डिग्रीच्याही दुसऱ्या वर्षाला. गावाकडच्या पोरांना हे कुणी सांगतच नाही! काही कंपन्या अप्रेंटिसला वर्षभर पॅकिंगला उभं करतात, राग येतो तो त्याचा. पोरांनो, स्टायपेंड थोडा कमी असला तरी यंत्रभागांचं ड्रॉइंग वाचायला आणि बारीक माप घेणारा मायक्रोमीटर धरायला मिळेल तिथंच जा.