थंड पाण्याने रक्तवाहिन्या फुटत नाहीत आणि वीज पावसाची वाट पाहत नाही

उन्हाळा तापू लागला की दरवर्षी एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. पारा ४० अंशांवर असताना थंड पाणी प्यायल्यास बारीक रक्तवाहिन्या फुटतात, उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुऊ नयेत, खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असे त्यात सांगितलेले असते. वळवाचे दिवस आले की विजेबद्दलच्या सूचनाही अशाच फिरतात: पाऊस सुरू होईपर्यंत धोका नाही, पायात रबरी चप्पल असावी, मोबाइल बंद ठेवावा आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावू नये. पाठवणाऱ्यांचा हेतू काळजीचाच असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु यांतल्या अनेक सूचना माणसाला नेमक्या अशा वेळी थांबायला लावतात, जेव्हा थांबणे जिवावर बेतते.

पहिला मुद्दा थंड पाण्याचा. त्वचेला गारवा लागल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्या फुटत नाहीत, आणि प्यायलेले पाणी पोटात गेल्यावर लवकरच शरीराइतके कोमट होते. हृदयविकार असलेल्याने तापलेल्या अंगाने एकदम गार विहिरीत उडी घेऊ नये, हे खरे आहे. पण त्यावरून हातपाय धुण्यावर बंदी घालणे चुकीचे आहे. उष्माघातात तर ही बंदी घातकच ठरते. त्यात शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस बरळू लागतो किंवा त्याची शुद्ध हरपते, आणि मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांना किती इजा होणार हे शरीर किती लवकर थंड केले यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. अशा माणसाला सावलीत आणून, १०८ क्रमांकाला कळवून, रुग्णवाहिकेची वाट न पाहता त्याच्या अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि बर्फ मिळाल्यास तो मानेला, काखेत व जांघेत लावावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

कांदा जेवणात अवश्य असावा. खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान उतरत नाही.

या संदेशातला ४० चा आकडाही फसवा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी दहाहून अधिक लोक उष्माघाताने दगावले, तेव्हा पारा सुमारे ३८ अंशांवर होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खाते किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून करते, तर मैदानी भागात ४० पासून. विदर्भातला कोरडा ४२ अंश आणि कोकणातला घामट ३८ अंश यांत कोकणातला कमी धोक्याचा, असे कोणी समजू नये.

आता विजेबद्दल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार अलीकडच्या वर्षांत देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत शेतात काम करणारे फार असतात. पाऊस सुरू होईपर्यंत धोका नाही, ही समजूत त्यांच्याच मुळावर येते, कारण वीज पावसाच्या सरीपासून १० किलोमीटर दूरही पडू शकते. गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो असे समजून तेव्हाच काम सोडावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देते, त्याचा उपयोग करावा.

हवेतले कित्येक किलोमीटर अंतर भेदून येणाऱ्या विजेला चपलेचा बोटभर रबर अडवू शकत नाही. आडोसा पक्क्या घराचा किंवा काचा बंद केलेल्या मोटारीचा घ्यावा. मोटारीत वाचवते ते धातूचे कवच, टायर नव्हे, म्हणून उघडा ट्रॅक्टर आणि दुचाकी कामाची नाही. बांधावरचे आंब्याचे झाड तर सर्वांत वाईट, कारण झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी घेते आणि मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. मोबाइल विजेला ओढत नाही. तो चार्जिंगला लावून मात्र वापरू नये.

सर्वांत जास्त नुकसान शेवटच्या सूचनेने होते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, त्याला हात लावणे पूर्णपणे सुरक्षित आहे. जागा धोक्याची असेल तर त्याला आडोशाला न्यावे, आणि श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब देत राहावे. एकाच वेळी अनेक जण कोसळले असतील, तर कण्हणाऱ्यांकडे नंतर वळून आधी निपचित पडलेल्यांकडे धावावे: कण्हणाऱ्यांचा श्वास चालू असतो, आणि निपचित पडलेल्यांपैकी काहींचे हृदय तेवढ्या दाबाने पुन्हा सुरू होऊ शकते.