पाठ प्रेक्षकांकडे, तोंड समुद्राकडे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आज सवडीनं उत्तर लिहितोय. हवाई बेटांवरच्या होनोलुलूत पाहिलेल्या, तिथल्या ऑलिम्पिक विजेत्या जलतरणपटू ड्यूक काहानामोकूवरच्या एकपात्री प्रयोगाबद्दल मी भरभरून लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: पट्टीच्या पोहणाऱ्याचं नाटक आणि रंगमंचावर थेंबभर पाणी नाही. अन्याय झाला तरी नायक ब्रही काढत नाही, मग यात नाट्य कुठलं? आणि शेवटी नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, हा तर उद्धटपणाच.

आधी माझी चूक. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ‘थेल्मा’ ही बोट उलटली, तेव्हा वाचलेल्या सगळ्या १२ जणांना ड्यूकनं बाहेर काढलं असं मी लिहिलं होतं. तुम्ही बरोबर पकडलंत. त्यानं सर्फबोर्डवरून, म्हणजे लाटांवर स्वार व्हायच्या फळीवरून, आणले ते ८ जण. १७ माणसं बुडाली. लेख दुरुस्त केलाय, आभारी आहे.

पाण्याचं म्हणाल, तर आपण कीर्तनं ऐकत वाढलेली माणसं. बुवांनी उपरणं डोक्यावरून घेतलं की आपल्याला सीता दिसते. इथं नट लांबलचक लाकडी फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारत राहतो. मी तिसऱ्या रांगेत होतो. थोड्या वेळानं त्याच्या कोपरावरून घाम फळीवर टपकायला लागला आणि फळी खरोखरच ओली झाली. मला तेवढं पाणी पुरलं.

आता त्याच्या गप्प राहण्याबद्दल. तुम्ही मुलांना पोहायला शिकवता, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. ११ ऑगस्ट १९११, होनोलुलूचं बंदर, खारं पाणी. ड्यूकनं १०० यार्ड ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या विक्रमापेक्षा ४.६ सेकंद कमी! अर्ध्या सेकंदासाठी तुमची मुलं किती महिने घासतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या हौशी खेळाडूंच्या संघटनेनं विक्रम मानलाच नाही. म्हणे घड्याळं चुकली असतील, प्रवाहानं ढकललं असेल. नाटकात नट आधी त्या संघटनेचा साहेब होतो, घड्याळ कानाशी धरून हलवतो आणि हसतो. मग चार पावलं चालून ड्यूक होतो आणि ओला टॉवेल पिळत बसतो. एक शब्द नाही. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला १०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्णपदक.

हा माणूस १८९० चा. तो लहान असताना, १८९३ मध्ये, हवाईची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलं गेलं. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेनं आपल्या पोटात घातलं. त्याच अमेरिकेसाठी तो पोहला, आणि पदकं घरात असताना पोटासाठी पेट्रोल पंपही चालवला. एवढं गिळलेल्या माणसाच्या तोंडी लेखकानं जळजळीत भाषण घातलं असतं, तर टाळ्या मीही वाजवल्या असत्या. पण तो ड्यूक झाला नसता. मला तो टॉवेल अजून दिसतो.

राहिली पाठ. होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर १९९० मध्ये ड्यूकचा ब्राँझचा पुतळा उभारला. दोन्ही हात पसरलेले, त्यांवर लोक फुलांचे हार घालतात, मागे उभा सर्फबोर्ड. पण पुतळ्याचं तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे. तिथं लहानपणापासून पोराला शिकवतात की समुद्राकडे पाठ करायची नाही, लाट कधी येईल याचा नेम नसतो. ड्यूकनं असं कधीच केलं नसतं, म्हणून तिथली माणसं हळहळली. प्रयोग सुरू होतो तेव्हा नट त्या पुतळ्याच्याच पवित्र्यात, आपल्याकडे तोंड करून उभा असतो. शेवटी तो गळ्यातला हार काढतो, फळीवर ठेवतो आणि सावकाश वळतो. समोर नुसता अंधार, आणि लाटांचा आवाज.

माझ्या शेजारच्या आजी तेव्हा उठून उभ्या राहिल्या. मागाहून त्यांनीच सांगितलं, की १९६८ मध्ये ड्यूकची रक्षा वायकिकीच्या समुद्रात सोडली, तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या गर्दीत होत्या.