नाशिकला प्रशासक नको, सभागृहच हवं

"प्रशासक होता तेच बरं होतं, निदान कामं तरी होत होती." गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी बाजारात ऐकलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलं, शिकल्यासवरल्या नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकलं. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, म्हणजे प्रशासकाने, महापालिका चालवली. मग १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी मतदान झालं, सभागृह पुन्हा भरलं आणि नगरसेवकांच्या नावाने बोटं मोडणं लगेच सुरू झालं. मला ते वाक्य फार लागतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. सुरुवातीचा कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या हातातला, सभासदही सरकारने नेमलेले. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. त्यानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा झाला आणि निवडून आलेल्या सभासदांना नगरपालिकांमध्ये खरी जागा मिळू लागली. पण मत कोणाला? कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या मोजक्या लोकांना. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या मालकाला मत होतं, त्या वाड्यात पाणी भरणाऱ्या बाईला नव्हतं. तिला ते मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं. मेनरोडवरची नगरपालिकेची जुनी इमारत आज पूर्व विभागाचं कार्यालय म्हणून वापरात आहे. १८८९ मध्ये सुरू झालेली ट्राम तिथूनच नाशिकरोड स्टेशनला जायची. घरपट्टी भरायला त्या इमारतीत जाणाऱ्या तरुण मुलांना मी हे मुद्दाम सांगते. आपण ज्या रांगेत उभे आहोत तिच्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांची मागणी आहे: गावाचा पैसा कुठे जातो ते गावाने ठरवायचं.

आणि तरीही महापालिका आली ती निवडून आलेल्या माणसांशिवाय आली.

७ नोव्हेंबर १९८२. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची वीसहून जास्त खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका झाली. देवळाली कॅम्प तेवढा कॅन्टोन्मेंट म्हणून वेगळा राहिला. क्षेत्रफळ जवळपास २६० चौरस किलोमीटर. एका बाजूला नोटप्रेसचे कामगार, दुसरीकडे सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले, मधे सिडकोच्या वसाहती, आणि मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी अशा गावांतले द्राक्षबागा नि मळे सांभाळणारे शेतकरी. इतक्या वेगवेगळ्या माणसांना एका कारभाराखाली आणायचं, तर पहिली गरज त्यांना एकत्र बसवून बोलतं करायची होती. झालं उलटं. पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ या शहरात महापालिका होती आणि नगरसेवक एकही नव्हता. शांतारामबापू वावरे नाशिकचे पहिले महापौर झाले ते १९९२ मध्ये.

त्या काळाबद्दल गावठाणांतली म्हातारी माणसं काय सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. ग्रामपंचायत गेली, म्हणजे सरपंच गेला. त्याच्या जागी कोणी आलंच नाही. शेतावर आरक्षण पडतंय का, विहिरीजवळून रस्ता जातोय का, हे विचारायला शहरातल्या साहेबाकडे जायचं. साहेब भला असेल तर ऐकेल. त्याची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. पैशांच्या कमतरतेपेक्षा मला ही गोष्ट जास्त गंभीर वाटते. आपलं ऐकणं हा ज्याच्या कामाचा भाग आहे असा एकही माणूस शहरात नसणं ही साधी उणीव नाही.

घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली ती अशाच अनुभवांतून. सगळ्या देशात महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांकडे पडून असायच्या. म्हणून घटनेतच लिहिलं गेलं की मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. एवढं स्पष्ट लिहिलेलं असतानाही मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतले बदल, कोर्टातल्या तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे गाडं हललं. जवळजवळ चार वर्षं गेली. जुना आणि नवा काळ मिळवला तर महापालिकेच्या ४३ वर्षांतली साधारण १३ वर्षं आपण प्रतिनिधीशिवाय काढली आहेत.

प्रशासक म्हणजे नेमकं काय, हे "तेच बरं होतं" म्हणणाऱ्यांनी एकदा नीट समजून घ्यावं. एरवी आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला सादर करतो, समिती फेरबदल करून ते महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, पाठवते, तिथे त्यावर चर्चा होऊन ते मंजूर होतं. प्रशासक राजवटीत महासभा तोच आणि स्थायी समितीही तोच. आयुक्त म्हणून प्रस्ताव पाठवायचा आणि प्रशासक म्हणून आपणच त्यावर मंजुरीची सही करायची. माणूस कितीही सचोटीचा असो, त्याला "का?" असं विचारणारं त्या खोलीत कोणी उरत नाही.

नगरसेवक धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. विषयपत्रिकेत नसलेले आयत्या वेळचे जादा विषय, ठेक्यांची भांडणं, पक्षांतरं हे सगळं या शहराने पाहिलंय आणि मलाही त्याची चीड येते. पण २०१३ आठवा. शहर विकास आराखड्याच्या मसुद्याविरुद्ध शेतकरी आणि जमीनमालक रस्त्यावर आले, महासभेने तो मसुदा नाकारला, आणि शेवटी नव्याने केलेला आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. २०१८ आठवा. आयुक्त तुकाराम मुंढे यांच्या काळात घरपट्टीत मोठी वाढ झाली, मोकळ्या जमिनीही कराच्या कक्षेत आल्या, आणि प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेलं. तो ठराव पुढे मागे घेतला गेला. त्यात मुंढे बरोबर होते की सभागृह, यावर आमच्या घरातही दोन मतं आहेत. पण ते भांडण उघड्यावर झालं. कोण काय बोललं, कोणी कोणाची बाजू घेतली, हे सगळं पेपरात आलं, इतिवृत्तात राहिलं.

आता २०२५ चा शेवट बघा. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंना राहायला उभारायच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला. लोक तपोवनात जमले, हरकती दिल्या, झाडांना मिठ्या मारल्या. शहराचा इतका जिव्हाळ्याचा प्रश्न, आणि त्यावर बोलायला निवडून आलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता! कुंभमेळ्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं तेही २०२५ मध्येच, म्हणजे सभागृह रिकामं असतानाच. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, काय बांधायचं, कुठला रस्ता किती रुंद करायचा, कोणाचं दुकान जायचं, हे प्रश्न ज्यांना विचारायला हवे होते त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. पर्वणीला गल्लीबोळांतून गर्दी कशी वाहते हे पंचवटीत जन्म काढलेल्या माणसाला जेवढं कळतं, तेवढं दोन-तीन वर्षांसाठी इथे आलेल्या अधिकाऱ्याला नकाशावरून कळत नाही.

माझी खरी तक्रार नगरसेवकांच्या संख्येची किंवा पात्रतेची नाहीच. ती पद्धतीची आहे. २००७ ला एका वॉर्डात एक नगरसेवक होता, २०१२ ला प्रभागात दोन झाले, २०१७ ला चार. चार जणांच्या प्रभागात पाणी आलं नाही तर फोन कोणाला करायचा? चौघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. मुंबईतून हा आकडा ठरतो आणि नाशिककरांना कोणी विचारत नाही.

यावर एक उपाय कायद्यात पडून आहे. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा. तिथे लोकांनी आपली कामं सुचवायची, नगरसेवकाने उत्तर द्यायचं. आमच्या सिडकोत अशी सभा भरल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

म्हणून मी आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र लिहिते आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, त्याआधी चौघांनी मिळून एक क्षेत्रसभा बोलवावी. प्रभागात सिंहस्थाच्या निधीतून कोणती कामं होणार, किती खर्चाची, कोणी मंजूर केली, याची यादी तिथे वाचून दाखवावी. पक्ष कुठलाही असो, आमच्या प्रभागातल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला मेसेज करा. दुसऱ्या प्रभागात राहत असाल तर पत्राचा मजकूर पाठवते, नावं बदलून तुमच्या नगरसेवकांना द्या.