सत्तरीचं रान बघायला जाताय? आधी गावात थांबा

पाऊस सुरू झाला की रविवारी सकाळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजारातून गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना वझर, म्हणजे धबधबा, बघायचा असतो. गावात शिरल्यावर देवळासमोर सारवलेली, सपाट, मोकळी जागा दिसते आणि गाडी तिथेच लावली जाते. ती जागा म्हणजे गावाचा मांड. शिगम्यात सगळं गाव तिथेच जमतं, रणमाल्यातले, म्हणजे इथल्या लोकनाट्यातले, रामायणाचे प्रसंग तिथेच उभे राहतात, आणि गावातलं लहान मूलही तिथे चप्पल काढून पाय ठेवतं. गावकऱ्यांनी आवाज चढवला की पर्यटकांना वाटतं, ही माणसं भांडकुदळ आहेत. सत्तरी बघण्याची आपली सुरुवातच अशी चुकते.

आमचं म्हणणं एवढंच, की सत्तरीचं रान गावाला वळसा घालून बघू नका. इथे रान आणि गाव यांच्यात कुंपण नाही. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, संपतं तिथे राय, म्हणजे देवाचं राखलेलं रान, सुरू होते, राय संपते तिथे अभयारण्य. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, 208 चौरस किलोमीटरांचं. त्यातली बहुतेक गावं त्याच्या कितीतरी पिढ्या आधीची आहेत. तिथल्या लोकांच्या जमिनीच्या हक्कांचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले, हे गावात पाऊल टाकण्यापूर्वी ठाऊक असावं. कोणी वनखात्याविषयी कडू बोललं तर गाडीच्या खिडकीतून त्याला पर्यावरणाचे धडे देऊ नका.

आता कधी जायचं ते बघू. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंतचे. पाऊस ओसरलेला असतो, ओहोळांना पाणी असतं, रान हिरवंच असतं आणि वाट कोरडी. जून ते सप्टेंबर रान देखणं दिसतं, पण तेव्हा ते गावातून, शेताच्या बांधावरून बघावं, ओढ्यात उतरून बघू नये. 2023 च्या पावसाळ्यात दोघे बुडाल्यावर वनखात्याने गोव्यातल्या अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. लोकांना ती जाचक वाटली. पण घाटाचं पाणी कसं चढतं हे ज्याने बघितलंय त्याला तिचं कारण सांगावं लागत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, वर चोर्ला घाटाच्या अंगाला तासभर पाऊस कोसळून गेलेला असतो, आणि ते पाणी खाली यायला थोडाच वेळ लागतो. आधी पाण्याचा रंग गढुळतो, मग काटक्या-पाला वाहत येऊ लागतो, मग आवाज बदलतो. पहिली खूण दिसताच, सामान तसंच टाकून, ज्या काठाला गाडी आहे त्या काठाला यायचं. पलीकडच्या काठावर अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. हात धरून साखळी करून ओलांडायला जाऊ नये. एकाचा पाय सुटला की सगळे जातात.

जानेवारीनंतर वेगळी काळजी. 2015 पासून सत्तरीत माकडताप आहे, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप. पाली, म्हाऊस अशा गावांत तो येऊन गेला आणि माणसं दगावली. रानातल्या बारीक गोचिडींतून तो येतो, आणि त्यांचा जोर डिसेंबर ते मे असतो, नेमका काजूच्या हंगामात. पाल्यापाचोळ्यात वाकून काजू वेचणाऱ्यांना त्याचा पहिला फटका बसतो. पाहुण्याने करायचं ते सोपं आहे. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, म्हणजे गोचीड दिसते. पँट मोज्यात खोचावी. उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावावं. सुकलेल्या पाल्यावर बसू नये, बसायला दगड शोधावा. परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे नीट बघावं. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. काडी पेटवून चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. आठवडाभरात सणसणून ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की मी सत्तरीच्या रानात गेलो होतो. मनाने अॅस्पिरिन घेऊ नका, कारण या तापात रक्तस्राव होऊ शकतो.

पावसात जळवा असतातच. त्यांना घाबरायचं काही नाही. नखाने बाजूने सरकवली की जळू सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही. धुऊन, दाबून धरलं की पुरे.

एका दिवसात काय बघावं? बरेचजण आधी वझर, मग जेवण आणि संध्याकाळी जमलं तर तांबडी सुर्ला, असा क्रम लावतात. तो उलटा करा. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळचं ऊन थेट मंडपात शिरतं आणि छतावरच्या कमळाची एकेक पाकळी सुटी दिसते. दुपारनंतर आत अंधारच असतो आणि मोबाईलच्या दिव्यात कोरीवकाम सपाट दिसतं. पणजीहून फोंड्यामार्गे दोन तास धरा, पहाटे निघा. हे कदंबकाळातलं, 12-13 व्या शतकातलं देऊळ. रानाच्या पोटात असल्यामुळेच ते वाचलं असं सगळे म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे. मंडपातल्या नंदीला डोकं नाही. त्याच्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय असं शिल्प आहे. बहुतेकांची नजर छताकडे असते, म्हणून ते सुटतं. खाली बसूनच बघा. दगड काळा आहे, गोव्याच्या नेहमीच्या तांबड्या चिऱ्याचा नाही. चिऱ्यात इतकं बारीक काम टिकलंच नसतं.

तिथून सत्तरीत उतरून ब्रह्मकरमळी गाठा. वाळपईहून हे गाव सात-आठ किलोमीटरवर, नगरगावच्या बाजूला. नावातच त्याचा इतिहास आहे. तिसवाडीतल्या करमळीतून 16 व्या शतकात, पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा, लोकांनी ब्रह्मदेवाची मूर्ती उचलून इथे आणली आणि गावाचं नावही सोबत आणलं. एकाच काळ्या दगडातली चतुर्मुख मूर्ती, मधल्या मुखाला दाढी. ब्रह्मदेवाची देवळं देशभरात मोजकीच, त्यांतलं हे एक. एवढा जड देव नदीवाटेने आणि रानवाटेने आणताना माणसांनी हीच जागा का निवडली, हे गावाभोवतीचं रान बघितल्यावर कळतं. इथे शोधत येणं सोपं नव्हतं. पुढे 26 जानेवारी 1852 ला दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांना तीन वर्षं झुंजवलं, तेही याच रानाच्या आधाराने. नाणूस वाळपईला लागूनच आहे. किल्ला म्हणून आता फारसं काही उरलेलं नाही, तरी जाऊन या.

गावागावांत देवळाच्या कडेला, कधी शेताच्या बांधावर, कोरीव दगड उभे दिसतील. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला लढाई, मध्ये पडलेल्या वीराला अप्सरा घेऊन जातायत, वर तो शिवलिंगापुढे बसलाय, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. काकणं भरलेला कोपरात वाकलेला हात असेल तर ती सतीगळ. दोन हत्तींच्या मधे बसलेली देवी ही गजलक्ष्मी, पण गावात ती केळबाय किंवा भावका असते. आणि वाघाचा दगड असेल तर तो वाघ्रो, त्याची पूजा आजही होते. याच तालुक्यात, गोळावलीत, जानेवारी 2020 मध्ये वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घातलं होतं. वाघ्रोला नारळ देणारा माणूस आणि गोठ्यातली गाय गमावलेला माणूस एकाच गावात राहतात, कधी एकच असतात. ज्याची गाय गेली त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही, आणि वाघ राहिला पाहिजे याबद्दलही नाही.

फोटोत उठून दिसावं म्हणून या दगडांवर खडू, तेल किंवा पाणी लावू नका. खडू खाचांत बसतो, निघत नाही. तेलावर धूळ धरते. ज्यावर शेंदूर, फुलं, करवंटी दिसेल तो देव आहे, तिथे विचारल्याशिवाय हातही लावू नये.

आता राय. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला इकडे राय म्हणतात. ब्रह्मकरमळीत आजोबाची तळी आहे, कोपार्ड्यात देवाची राय, बांबर गावात निरंकाराची राय. वेळ एकीपुरताच असेल तर बांबरला जा. तिथे रानजायफळाची दलदल आहे, आणि अशी दलदल सह्याद्रीत फार थोड्या ठिकाणी उरली आहे. आत शिरल्यावर आधी गारवा लागतो, मग पायाखालचा काळा चिखल दिसतो, आणि त्या चिखलातून वर आलेली मुळं. मूळ वीतभर वर येतं, माणसाच्या गुडघ्यासारखं वाकतं आणि पुन्हा चिखलात जातं. अशी शेकडो. बारमाही पाणी साठलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मूळ वर काढतं. त्या गुडघ्यावर पाय दिला की साल सोलवटते आणि मूळ कुजायला लागतं. एका माणसाने काही होत नाही, पण प्रत्येक रविवारी चाळीस माणसं त्याच वाटेने गेली तर चिखल दबून घट्ट होतो आणि रोप धरत नाही. म्हणून कडेनेच बघा, दगडावरून दगडावर जा, दहाच्या वर माणसं एकावेळी आत नेऊ नका.

खाली पडलेलं जायफळ खिशात घालायचा मोह होतो. लाल जायपत्रीतलं ते बी दिसायला फार सुंदर असतं. पण हे बी साठवून टिकत नाही. सुकलं की मेलं. ते तिथेच ओल्यात पडून रुजायचं असतं किंवा धनेशाने खाऊन दुसरीकडे टाकायचं असतं. घरी नेलेलं बी म्हणजे एक झाड कमी. गावाचा नियमही तोच आहे, रायतली काटकीसुद्धा उचलायची नाही. या नियमामागे दंडाची पावती नाही, देवाचं भय आहे, आणि त्या भयाने या राया आजवर टिकल्या. चप्पल काढायला सांगितलं तर काढा, दारू-मटण घेऊन जाऊ नका, ब्लूटूथचा स्पीकर गाडीतच ठेवा. आणि गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या. देवळात गुरव भेटतो, दुकानात चहा पिताना कोणी ना कोणी भेटतं. अर्धा दिवस मोडून तुमच्यासोबत येणाऱ्याला योग्य पैसे द्या, निघायच्या आधी ठरवून द्या. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. गावकऱ्याचा शब्द त्याला पुरत नाही.

जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा. इथे हॉटेलांची रांग नाही. कुळागरात जेवण करून देणारी घरं आहेत, पण दहा जणांचं जेवण ऐनवेळी मागितलं तर घरातल्या बाईची दुपार चुलीपुढे जाते. रोख पैसे जवळ असू द्या, पेट्रोल वाळपईतच भरा, आणि नकाशा आधी उतरवून ठेवा, कारण पुढे नेटवर्क जातं. जेवून झाल्यावर कुळागरात चक्कर मारा. वर माडत, म्हणजे पोफळी, तिच्यावर चढलेली मिरी, खाली केळ, कडेला भिरंड (कोकम) आणि जायफळ, आणि या सगळ्यांतून उतारावर फिरवलेला पाट. पाटाची माती बोटाने उकरू नका, त्यावर पाय देऊन उभे राहू नका. कड ढासळली की खालच्या माणसाचं पाणी तुटतं. डिसेंबरनंतर गेलात तर म्हादई नदीच्या पात्रात पुरणशेती दिसेल. दगडमातीचे बांध घालून पाणी वळवतात आणि उघड्या पडलेल्या पात्रात भात लावतात. ते रिकामं वाळवंट समजून त्यात गाडी घालणारेही आहेत.

पावसात रस्त्याकडेला पानात बांधलेली अळमी, म्हणजे अळंबी, विकायला दिसते. ही अळमी रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवते, आणि रोयण म्हणजे सातेरी. गावोगावच्या सातेरीच्या देवळांत वारूळच देवी म्हणून पुजलं जातं. वाळवीने आत पोसलेल्या बुरशीतून अळमी वर येते. छत्री उघडण्यापूर्वीच सगळी कळी खुडली तर तिचं बीज पसरत नाही. पैसे जास्त मिळतात म्हणून कळ्याच विकल्या जातात, आणि त्या मागणारे आपणच असतो. घ्यायचीच तर उमललेली घ्या. स्वतः रानात शिरून अळमी शोधू नका. विषारी कोणती हे गावातल्या म्हाताऱ्या बाया ओळखतात, फोनवरचा फोटो ओळखत नाही.

अंधार पडायच्या आत वाळपईला पोचा. नगरगावच्या रस्त्यावर संध्याकाळी गवे उतरतात. वळणावर गवा उभा दिसला तर गाडी लांबच थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, फोटोसाठी खाली उतरू नका. बहुतेकदा मागे कळप असतो. शेवटचा गवा रस्ता ओलांडून गेला तरी थोडा वेळ थांबा, पाडस मागे राहिलेलं असतं.